न मिळणारे सुटे भाग : यंत्रांची हौस असणाऱ्या कास्तकारांकरितां

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील ओलीत करणाऱ्या कास्तकाराच्या शेतावर आज जीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें दिसतात, तीं त्याच्या आजोबांनीं पाहिलींहि नव्हतीं. विहिरीवरील मोटारीच्या पेटींत, एक फेज गेल्यास मोटार बंद करणारा रक्षक असतो. फोनवरून पंप चालू करणारा स्टार्टर असतो. रानडुकरें व रोही यांजपासून हरभरा राखावा म्हणून झटका-मशीन असतें. फवारणीचा पंपहि आतां बॅटरीवर चालतो. शिवाय असे हौशी लोक गांवोगांव आढळतात कीं, जे सोल्डरिंग आयर्न हातीं घेऊन फुरसतीच्या वेळीं स्वतःच कांहीं रचून पाहतात. कोणी टाकी भरतांच भोंगा वाजविणारें यंत्र करतो, कोणी जमिनीची ओल मोजण्याचें, कोणी साठविलेल्या सोयाबीनच्या ढिगांतील उष्णता पाहण्याचें. ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. कारण स्वतः यंत्र रचणारा मनुष्य दुरुस्तीसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत नाहीं.

परंतु ह्या सर्वांस एक अडचण सारखीच येते. यंत्र बंद पडतें तें बहुधा पांच-दहा रुपयांच्या एखाद्या भागामुळें, आणि नेमका तो भाग तालुक्याच्या बाजारांत मिळत नाहीं. गव्हास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, पाणी द्यावेंच लागतें. हरभऱ्यास फुलें येतांना व घाटे भरतांना द्यावें लागतें. भाग पंधरा दिवसांनीं आला तर त्याचा उपयोग काय? मग उतावीळपणें मनुष्य रक्षक काढून टाकतो आणि मोटार ‘डायरेक्ट’ जोडतो. पुढें एखाद्या रात्रीं तीनांपैकीं एक फेज जाते. मोटार उरलेल्या दोहोंवर कण्हत राहते, तारांतील प्रवाह वाढतो आणि वाइंडिंग जळतें. लहानशा भागाचें मोल अशा रीतीनें हजारों रुपयांत भरावें लागतें. म्हणून हे भाग कसे ओळखावे, कोठें शोधावे, आणि न मिळाल्यास त्यांच्या जागीं काय लावावें व काय मुळींच लावूं नये, हें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

भागाचें नांव

दुकानदारासमोर जळका तुकडा ठेवून ‘असाच द्या’ म्हणणारास बहुधा रिकाम्या हातानें परतावें लागतें. काळ्या रंगाचे, तीन पायांचे, सारख्याच आकाराचे शेंकडों निरनिराळे भाग आहेत. त्यांत कोणी ट्रान्झिस्टर, कोणी व्होल्टेज कायम राखणारा रेग्युलेटर, तर कोणी उष्णतामापक असतो. ओळख पटते ती अंगावरील अक्षरांवरून. म्हणून भाग काढण्यापूर्वीं फोननें त्याचें चित्र घ्यावें, तो कोणत्या तोंडानें बसला आहे तेंहि त्यांत यावें, आणि भिंगानें अक्षरें वाचून कागदावर उतरून घ्यावीं.

अक्षरांचा अर्थ लावणें अवघड नाहीं. लहान चकतीसारख्या कपॅसिटरवर १०४ असें लिहिलेलें असतें; तें एकशेंचार नव्हे, तर १० वर चार शून्यें, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड अथवा ०.१ मायक्रोफॅरड. वीज अचानक चढल्यास तिचा आघात स्वतःवर घेणारी जी निळी चकती पेटींत असते, जिला व्हॅरिस्टर म्हणतात, तिच्यावर ४७१ असा अंक असतो. तोहि ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट, असा वाचावयाचा. रोधकांवर अंकांऐवजीं रंगाचे पट्टे असतात: पिवळा, जांभळा व लाल मिळून ४,७०० ओहम. आय.सी.वरील आरंभीचीं दोन-तीन अक्षरें बहुधा कारखान्याचीं असतात व पुढील अंक मुख्य असतो. एका कारखान्याची ३५८ व दुसऱ्या कारखान्याची ३५८ सामान्यतः एकमेकींच्या जागीं चालतात. हें मात्र नेहमींच खरें नाहीं. त्याचें उदाहरण पुढें येईल.

जळून अक्षरें नाहींशीं झालीं असतील तर त्याच कारखान्याचें तसेंच यंत्र शेजाऱ्याकडे आहे काय तें पाहावें, आणि वीज बंद करून त्यांतील भागावरून नांव घ्यावें. ही सर्वांत खात्रीची रीत होय. तीन फेजांच्या पेटींत तर पुष्कळदां तोच भाग बाजूच्या फेजसाठींहि बसविलेला असतो, त्यामुळें शेजाऱ्याकडे जाण्याचेंहि कारण पडत नाहीं. नांव समजल्यावर त्या भागाचें माहितीपत्रक, ज्यास डेटाशीट म्हणतात, फोनवर नांव टाकतांच फुकट मिळतें. तें इंग्रजींत असतें. आपणांस वाचतां येत नसल्यास घरच्या शिकत्या मुलाकडून तीन गोष्टी काढून घ्याव्या. भाग किती व्होल्ट सोसतो, किती अँपिअर वाहूं देतो, आणि त्याचे पाय कोणत्या क्रमानें आहेत. एवढ्या तीन गोष्टी कागदावर असल्या म्हणजे दुकानदाराशीं बोलणें सोपें जातें, व पर्यायी भागहि निवडतां येतो.

पर्यायी भाग

जुन्या शालेय व हौशी पुस्तकांतील आकृतींत एस.एल. १०० हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर वारंवार येतो. लहान दुकानांत तो आतां क्वचितच सांपडतो, आणि त्यावांचून पुष्कळांचें काम अडून राहतें. वास्तविक १२ व्होल्टांचा रिले चालविण्यासारख्या कामास त्याच्या जागीं २एन २२१९ किंवा बी.डी. १३९ खुशाल लावावा. फक्त पाय पाहावे. २एन २२१९ चे पाय एस.एल. १०० प्रमाणेंच आहेत, बी.डी. १३९ चा मधला पाय मात्र कलेक्टर आहे, बेस नव्हे. तीच गोष्ट बी.सी. ५४७ ची. त्याच्याऐवजीं प्लास्टिकचा २२२२ लावतां येतो, पण दोहोंचे पाय उलट क्रमानें असल्यामुळें तो फिरवून बसवावा लागतो. पर्याय सांगणारे पुष्कळ भेटतात, पाय सांगणारे थोडे. आणि ‘पर्याय चालत नाहीं’ अशी जी ओरड होते तिच्या मुळाशीं बहुधा हेंच असतें.

नळकांड्याच्या आकाराचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलतांना मायक्रोफॅरड तितकेच ठेवावे, व्होल्ट तितके अगर अधिक घ्यावे. २५ व्होल्टांच्या जागीं ३५ चा चालतो, ३५ च्या जागीं २५ चा चालत नाहीं. त्याच्या अंगावर ८५ अगर १०५ असा आणखी एक अंक असतो, तो उष्णतेच्या अंशांचा. यवतमाळच्या उन्हाळ्यांत सावलींतील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मग बांधावरील लोखंडी पेटींत काय होत असेल याची कल्पनाच करावी. दर १० अंश उष्णता वाढली कीं ह्या कपॅसिटरचें आयुष्य साधारण निम्में होतें. १०५ चाच घ्यावा. किंमतींत फारसा भेद नसतो.

येथवर चूक झाली तर यंत्र चालत नाहीं, इतकेंच. आतां ज्या तीन भागांविषयीं सांगावयाचें आहे, त्यांत चूक झाल्यास पेटी जळते किंवा माणूस दगावतो.

पहिला भाग म्हणजे वर सांगितलेली निळी चकती. ४७१ ची चकती ए.सी. ३०० व्होल्टांपर्यंतच्या जागेसाठीं आहे. एक फेज व न्यूट्रल यांमध्यें २३० व्होल्ट असतात, तेथें ती योग्य. दोन फेजांमध्यें ४१५ व्होल्ट असतात. तेथें ४७१ लावल्यास वीज येतांच ती फुटते, कधीं पेटहि घेते. त्या जागीं ८२१, म्हणजे ए.सी. ५१० व्होल्टांची, चकती लागते. दोन्ही निळ्या, दोन्ही गोल, आणि दुकानांत बहुधा ४७१ च तयार असते.

दुसरा भाग, स्वस्त टायमर व फेज-रक्षक यांतील चौकोनी कपॅसिटर. ह्या यंत्रांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टांची वीज एका कपॅसिटरमधूनच उतरवून घेतलेली असते. त्यावर २७५ व्होल्ट ए.सी. व ‘एक्स-टू’ अशी खूण असते. वर्षानुवर्षें आघात सोसून त्याची धारणशक्ति आंतून कमी होत जाते. मग रिलेस पुरेशी वीज मिळत नाहीं, तो थरथरतो किंवा ओढतच नाहीं. यंत्र दिसावयास धड, पण काम करीत नाहीं, असें झालें कीं प्रथम ह्या कपॅसिटरची शंका घ्यावी. त्याच्या जागीं साधा ४०० व्होल्टांचा कपॅसिटर लावूं नये. ते ४०० व्होल्ट बहुधा डी.सी.चे असतात, तो आंतून फुटल्यास थेट वीज पुढील भागांवर येते व आग लागते. तसेंच असल्या यंत्रांचा प्रत्येक भाग जिवंत तारेस जोडलेला आहे असें समजावें. यंत्र उघडण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा, व त्या कपॅसिटरमधील साठा उतरेपर्यंत हात लावूं नये.

तिसरा भाग रिले. त्याच्या अंगावर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट ए.सी.’ असें लिहिलेलें पाहून पुष्कळ हौशी लोक तो सौर पट्ट्यांच्या तारेवर बसवितात. त्याच रिलेवर बारीक अक्षरांत ‘३० व्होल्ट डी.सी.’ असेंहि असतें, तें वाचीत नाहींत. ए.सी. प्रवाह सेकंदास १०० वेळां शून्यावर येतो, म्हणून रिले उघडतांना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डी.सी. प्रवाह शून्यावर येत नाहीं. ठिणगीचा दिवा पेटत राहतो व रिले वितळतो. सौर पंपाच्या पट्ट्या ओळीनें जोडल्या म्हणजे शेंकडों व्होल्ट डी.सी. तयार होतात. तेथें डी.सी.साठीं केलेला स्विचच पाहिजे. आणि कुसुम योजनेंतून किंवा २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंतून मिळालेल्या पंपाचा कंट्रोलर तर पांच वर्षेंपर्यंत उघडूंच नये. त्या मुदतींतील दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडे असते, व उघडलेल्या पेटीविषयीं वाद उत्पन्न होतात.

कोठें मिळतात

पहिला बाजार आपल्याच गांवांत आहे. टी.व्ही. व इन्व्हर्टर दुरुस्त करणाराच्या दुकानांत मागल्या बाजूस जुन्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधून एक्स-टू कपॅसिटर व व्हॅरिस्टर, जुन्या यू.पी.एस.मधून १२ व्होल्टांचे रिले, असे कितीतरी चांगले भाग निघतात. रिले, उष्णता खेचणारे ॲल्युमिनियमचे पंखे, ट्रान्सफॉर्मर व डायोड हे जुने घेण्यास हरकत नाहीं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुना कधींहि घेऊं नये, आणि एक्स-टू कपॅसिटर घेतल्यास मीटरवर मोजूनच घ्यावा. ह्या कारागिरांशीं स्नेह ठेवणें हें दहा दुकानांचे पत्ते ठेवण्यापेक्षां अधिक उपयोगाचें, असें आमचें मत आहे. यवतमाळ येथें शासकीय तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथें शिकणारीं मुलें आपल्या प्रयोगांसाठीं भाग मागवितात. गांवचा एखादा विद्यार्थी तेथें असल्यास त्याच्या मागणींत आपली मागणी घालतां येते.

यानंतर जवळचें मोठें शहर. उमरखेड-पुसदकडील मंडळींस नांदेड, वणीकरांस चंद्रपूर, व नेर-दारव्ह्याच्या लोकांस अमरावती सोयीची. नित्य लागणारे भाग तेथें मिळूं शकतात. त्याहून वेगळें कांहीं पाहिजे असल्यास नागपूर गांठावें. यवतमाळहून तें सुमारें दीडशें किलोमीटर असून सीताबर्डीच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक मालाचीं दुकानें आहेत. तेथें जाण्यापूर्वीं फोननें चौकशी करावी, चित्र पाठवावें, आणि ‘आहे’ असें उत्तर आल्यावरच एस.टी.चें तिकीट काढावें.

नागपुरासहि न मिळणारा माल मुंबईस लॅमिंग्टन रोडवर मिळण्याचा संभव असतो. १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव ह्या रस्त्यास होतें. आतां त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे, पण दुकानदार व गिऱ्हाईक दोघेहि जुनेंच नांव घेतात. आपल्याकडील लोकांनीं धामणगांवास रेल्वे धरून मुंबईस जावें. तेथें ग्रँट रोड स्टेशनापासून हा रस्ता पायीं थोड्या मिनिटांवर आहे. रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात, हें ध्यानांत ठेवावें. एकाच भागाचा धंदा करणारीं दुकानें तेथें आहेत: कोणाकडे केवळ ट्रान्सफॉर्मर, कोणाकडे केवळ जोडणीच्या खुंट्या, कोणाकडे बंद पडलेल्या कारखान्यांतून आलेला जुना साठा. दुर्मिळ भाग मिळावयाचा तो ह्या शेवटल्या प्रकारच्या दुकानांत. एका दुकानांत नकार मिळाल्यास ‘मग कोणाकडे मिळेल?’ असें विचारावें. तेथील लोक बहुधा योग्य दुकान दाखवितात. पुण्यास बुधवार पेठेंत तपकीर गल्ली आहे, तिचाहि उपयोग होतो. परंतु भागांच्या विविधतेंत ती मुंबईची बरोबरी करूं शकत नाहीं.

केवळ एका भागासाठीं मुंबईस जाणें अर्थातच परवडत नाहीं. लग्नकार्य, दवाखाना किंवा कोर्टकचेरी यांसाठीं कोणी जात असल्यास त्याजबरोबर यादी द्यावी. नाहीं तर पार्सलनें मागविण्याचा मार्ग सर्वांस मोकळा आहे. पुण्याची रोबू ही पेढी हौशी लोकांस लागणारा माल थोड्या संख्येनेंहि घरपोंच पाठविते. परदेशांतील मोठे वितरक अस्सल माल देतात. पण त्यावर वाहतूक, आयात-शुल्क व जी.एस.टी. मिळून पन्नास रुपयांच्या भागास कित्येकपट खर्च पडतो, म्हणून पांच-सहा जणांनीं मिळून मागवावें. चीनमधून थेट स्वस्त माल मागविण्याची पूर्वीं जी सोय होती, ती २०२० च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें अलीएक्सप्रेस बंद केल्यापासून बरीच कमी झाली. २०२० ते २०२२ पर्यंत तर साऱ्या जगांतच चिपांचा दुष्काळ पडला होता. मोटार-कारखान्यांचीं कामें अडलीं, मग हौशी लोकांची काय कथा! त्यावरून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: नवें यंत्र रचतांना एकाच कारखान्यांत होणारी चिप शक्यतों घेऊं नये, पांच-दहा कारखाने जी करतात ती घ्यावी.

नकली माल

दुर्मिळ मालाच्या पाठोपाठ नकली माल येतो. जमिनीची ओल मोजण्याची काळी पट्टी हल्लीं शंभर-दीडशें रुपयांस मिळते. तिच्यावर ५५५ नांवाची आय.सी. असते. ही आय.सी. हान्स कामेनझिंड यांनीं १९७१ सालीं सिग्नेटिक्स कंपनीसाठीं योजिली, व १९७२ पासून ती विकावयास आली. जगांत इतकी खपलेली दुसरी आय.सी. क्वचितच असेल. तिचे दोन प्रकार आहेत. टी.एल.सी. ५५५ ही दोन व्होल्टांपासून चालते, एन.ई. ५५५ ला कमींत कमी साडेचार व्होल्ट लागतात. ओल मोजणारी पट्टी स्वतःच्या रेग्युलेटरमधून ३.३ व्होल्टांवर चालावी अशी तिची रचना आहे, म्हणून तिला टी.एल.सी. पाहिजे. परंतु स्वस्त पट्ट्यांवर एन.ई. बसविलेली आढळून आली आहे. कांहीं पट्ट्यांवर रेग्युलेटरच नसतो, तर कांहींवरील एका रोधकाचें टोक जमिनीच्या तारेस जोडावयाचेंच राहिलेलें असतें. अशी पट्टी आंकडे दाखविते, पण आंकडे बदलण्यास फार वेळ लागतो किंवा ते भलतेच येतात. आणि कास्तकार आपल्या जमिनीस दोष देतो. विकत घेतांना भिंगानें आय.सी.वरील अक्षरें वाचावीं म्हणजे ही फसगत टळते.

ह्याच पट्टीविषयीं आणखी थोडें. तिच्या कापलेल्या कडांतून पाणी आंत शिरतें, म्हणून कडांस व्हार्निश अगर नखांस लावण्याचा रंग दोन वेळां द्यावा. आपल्या काळ्या जमिनीस सुकतांना भेगा पडतात. पट्टी भेगेंत सांपडली तर भोंवतीं हवा राहून ती शेजारची जमीन ओली असतांहि कोरडी दाखविते. पट्टी बांधणीच्या मातींत घट्ट दाबून बसवावी, आणि आपल्याच शेतांतील माती एकदां पूर्ण वाळवून व एकदां पूर्ण भिजवून दोन्ही आंकडे आधीं टिपून ठेवावे.

ढिगांतील उष्णता मोजण्यासाठीं डी.एस. १८बी२० हा मापक वापरतात. अस्सल मापकाची चूक उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशाहून अधिक नसते. ह्याचीहि नक्कल फार होते. प्रत्येक मापकास आठ जोड्यांचा एक गुप्त क्रमांक असतो, तो संगणकावर वाचतां येतो. अस्सल मालांत त्या क्रमांकाची सहावी व सातवी जोडी शून्यांची आढळते. तेवढी खटपट नको असल्यास चार-पांच मापक वितळत्या बर्फाच्या पाण्यांत एकत्र बुडवावे. जो शून्यापासून दूर राहील तो बाजूस काढावा. मोठ्या शक्तीच्या ट्रान्झिस्टरांत, उदाहरणार्थ २एन ३०५५ मध्यें, मोठ्या टोपीखालीं चिमुकला तुकडा बसवून विकतात. अंगावरील अक्षरें ॲसिटोननें पुसलीं जात असलीं, किंवा पायांवर पूर्वींच्या कथिलाचे डाग असले, तर माल परत करावा.

फोनवरील स्टार्टर

आपल्या जिल्ह्यांत ह्या यंत्राची मागणी कां वाढली हें सांगावयास नको. ज्या वाहिन्या अद्याप सौर वाहिनी योजनेखालीं आल्या नाहींत, त्यांवर शेतीची वीज कांहीं दिवस रात्रींची असते. २०१८ सालीं राळेगांव-पांढरकवडा भागांत टी-१ वाघिणीच्या भीतीनें लोकांनीं रात्रीं शेतांत जाणें सोडलें होतें. ती २ नोव्हेंबर २०१८ रोजीं मारली गेली, परंतु अंधारांतील रानडुकराची व सापाची भीति अद्याप आहेच. घरीं बसून मोटार चालू करतां आली तर कोणास नको?

हौशी लोक हें यंत्र सिम ८०० ह्या मॉड्यूलवर रचतात. तें फक्त २जी जाळ्यावर चालतें. जिओचें जाळें २०१६ च्या सप्टेंबरांत सुरू झालें तेव्हांपासूनच त्यांत २जी नाहीं. म्हणून जिओचें सिम घालून ‘मॉड्यूल बिघडलें’ म्हणणारांचें मॉड्यूल बहुधा ठीकच असतें. नवें यंत्र करावयाचें असल्यास ए ७६७० सारखें ४जी मॉड्यूल घ्यावें. महाग पडतें, पण टिकाऊ ठरेल. सिम ८०० च वापरावयाचें तर त्यास ३.४ ते ४.४ व्होल्टच द्यावे. ५ व्होल्ट दिल्यास तें जळतें, आणि फोन लागतांना तें क्षणभर दोन अँपिअर ओढतें, तेवढें देणारा पुरवठा नसल्यास पुन्हां पुन्हां बंद पडतें. जेथें कोणाचाच टॉवर पोंचत नाहीं तेथें लोरा नांवाचें रेडिओ-मॉड्यूल उपयोगी पडतें. मात्र तें ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारें मागवावें. अल्पशक्तीच्या यंत्रांस हा पट्टा आपल्या देशांत परवान्याशिवाय मोकळा आहे. ९१५ चें मॉड्यूल अमेरिकेसाठीं असतें व येथें स्वस्तांत गळ्यांत मारतात.

झटका-मशीनविषयीं आम्ही हौशी लोकांस एवढेंच सांगतों कीं, त्यांतील उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर न मिळाल्यास दुसरा लावून पाहूं नये, मोटारगाडीची इग्निशन कॉइल तर नकोच. ह्या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें झटक्यांत किमान एक सेकंदाचें अंतर, प्रत्येक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून अधिक लांब नाहीं, व ५०० ओहमच्या भारावर ५ जूलपेक्षां अधिक शक्ति नाहीं, अशी मर्यादा आहे. भाग बदलला कीं ही मर्यादा राहिली किंवा नाहीं हें घरीं मोजतां येत नाहीं. यंत्र करणाराकडेच पाठवावें. तेवढ्या दिवसांसाठीं कुंपणांत थेट वीज सोडणें हा गुन्हा आहे, आणि त्यानें गुरें, गडी व शेजारी मेल्याचे प्रकार विदर्भांत घडले आहेत.

मागणी कशी लिहावी

मागणींत भागाचें नांव, मोजमाप, काय चालेल व काय चालणार नाहीं, हें सर्व यावें. नाहीं तर दुकानदार जवळ असेल तें पाठवून मोकळा होतो. नमुन्यादाखल दोन ओळी देतों. “ट्रान्झिस्टर बी.सी. ५४७, नग २५. न मिळाल्यास ५४६ चालेल, ५४८ नको.” “कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट ए.सी., एक्स-टू, पायांतील अंतर १५ मिलिमीटर, नग ५. एक्स-टूची खूण नसल्यास पाठवूं नये.” पहिल्या ओळींत ५४६ चालतो, कारण तो ६५ व्होल्ट सोसतो व ५४७ हा ४५, ५४८ केवळ ३०.

मृगापूर्वींच्या महिन्यांत, हातीं थोडी फुरसत असतांना, पेटी उघडून तिच्यांतील सर्व भागांचीं नांवें एका वहींत लिहून ठेवावीं व ती मागणी तेव्हांच पाठवावी. रब्बीच्या पाण्याच्या वेळीं मग धांवपळ होत नाहीं. व्हॅरिस्टर, एक्स-टू कपॅसिटर, १२ व्होल्टांचे रिले, ४००७ डायोड व फ्यूज हे घरीं दोन-दोन असावेच. माल आल्यावर प्रत्येक पुडीवर नांव व साल घालून ती झांकणाच्या डब्यांत, पावसाळी हवा लागणार नाहीं अशी ठेवावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र फार साठवूं नयेत. ते न वापरतांहि जुने होतात, म्हणून दोन-तीन वर्षांत लागतील तेवढेच मागवावे.